आग्नेयेकडं तोंड केलेल्या छत्र्या

आमच्या गावात छत्री म्हटलं की पावसाची छत्री कुणाच्या मनात येत नाही. छत्री म्हणजे टीव्हीची. पत्र्यावर, माळवदावर, जनावरांच्या गोठ्यावर, शेतवस्तीवरच्या पाण्याच्या टाकीला तार गुंडाळून, जिथं जागा मिळेल तिथं ती बसवलेली असते. गावात अंधारात वाट चुकलेल्या माणसानं नुसतं छपराकडं पाहिलं तरी त्याला दिशा कळेल, कारण बिनपैशाच्या सरकारी वाहिन्यांच्या सगळ्या छत्र्या आग्नेयेकडं तोंड करून आहेत. आग्नेय म्हणजे चुलीची दिशा, म्हणून ती शुभ, असं आमचा एक शेजारी पैजेवर सांगायचा. कारण तसं काही नाही. टीव्हीचे उपग्रह विषुववृत्ताच्या बरोबर वर, जमिनीपासून 36 हजार किलोमीटरवर उभे असतात. आपला छत्रपती संभाजीनगर जिल्हा विषुववृत्ताच्या उत्तरेला 20 अंशांवर आणि पूर्व रेखांशाच्या 75 अंशांजवळ. डीडी फ्री डिशचा उपग्रह 93.5 अंशांवर. म्हणजे आपल्याकडून बघितलं तर तो दक्षिण आणि पूर्व यांच्या बरोबर मध्ये येतो. काही खासगी कंपन्यांच्या छत्र्या थोड्या दक्षिणेकडं कललेल्या असतात, त्यांचे उपग्रह वेगळे.

उपग्रह उभे असतात म्हटलं, पण ते उभे नाहीत. पृथ्वी जितक्या वेळात एक गिरकी घेते तितक्याच वेळात तेही एक फेरी मारतात, म्हणून खालून बघणाऱ्याला जागच्या जागी वाटतात. ही युक्ती होऊ शकते असं आर्थर क्लार्क नावाच्या इंग्रज लेखकानं 1945 साली एका रेडिओच्या मासिकात लिहून ठेवलं होतं.

तर एवढ्या उंचावरून जे खाली येतं ते दिल्लीच्या बंगल्यावर आणि आमच्या गोठ्यावर एकाच क्षणी पडतं. उन्हासारखं. त्याला ना रस्ता लागतो ना खांब. असं असून गेल्या पन्नास वर्षांत मी जे बघितलं ते हे की, वरून सगळ्यांवर एकदम पडणारी ही गोष्ट खाली माणसांना मात्र पाळीपाळीनंच मिळाली. कालव्याच्या पाण्यासारखी. कधी त्या पाळीला चांगलं कारण होतं, कधी नव्हतं. कोणत्या वेळी काय होतं ते सांगावं म्हणून हे लिहायला बसलो.

1975 च्या जूनमध्ये मी दहावीत गेलो. अकरावीची जुनी मॅट्रिक संपून दहावीची बोर्डाची परीक्षा त्याच वर्षीपासून सुरू झाली होती, त्यामुळं मास्तरांनाही सगळं नवीन होतं. त्या वर्षी 1 ऑगस्टला देशात एक मोठी गोष्ट घडली आणि ती आम्हाला कळली वर्तमानपत्रातून, तीही चार दिवस शिळ्या. अमेरिकेच्या नासाचा एटीएस-6 नावाचा उपग्रह एका वर्षासाठी भारताला वापरायला मिळाला होता. तो आफ्रिकेच्या बाजूला आणून उभा केला आणि त्यावरून देशातल्या 2400 खेड्यांत थेट टीव्ही दाखवायला सुरुवात झाली. या प्रयोगाचं नाव साइट. शहरांत नाही, खेड्यांत. तेव्हा देशात टीव्ही म्हणजे दिल्ली, मुंबई अशा मोजक्या शहरांची चैन होती. दिल्लीत 1959 साली सुरू झाला, मुंबईत 2 ऑक्टोबर 1972 ला. आणि इथं मागासलेल्या, रस्ता नसलेल्या गावांना आधी टीव्ही मिळाला होता. आपल्या देशात खेड्याची पाळी शहराच्या आधी आली असा हा मला माहीत असलेला एकच प्रसंग.

ही कल्पना विक्रम साराभाईंची. नासाशी करार 1969 साली झाला, पण साराभाई 1971 च्या डिसेंबरात वारले. पुढं अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्रात यश पाल आणि त्यांच्या सोबतीच्या लोकांनी ते काम उभं केलं. त्यात साइटचे कार्यक्रम व्यवस्थापक होते एकनाथ वसंत चिटणीस, कोल्हापूरचा माणूस. मराठी माणसानं देशाच्या खेड्यांत टीव्ही पोचवला हे आपल्याकडं फार कमी लोकांना माहीत आहे. क्रिकेटवाल्याचं नाव असतं तर चौकाला दिलं असतं.

साइटची छत्री आजच्यासारखी दोन फुटांची नव्हती. दहा फूट व्यासाची, कोंबड्यांच्या खुराड्याला मारतात तसल्या जाळीची. खेड्यातल्या शाळेच्या नाहीतर पंचायतीच्या आवारात ती उभी करायची आणि संचासमोर सगळ्या गावानं बसायचं. सकाळी दीड तास शाळेच्या पोरांसाठी, संध्याकाळी अडीच तास मोठ्यांसाठी. शेती, जनावरं, आरोग्य, कुटुंब नियोजन, थोडी गाणी, बातम्या. भाषा हिंदी, कन्नड, तेलुगू आणि उडिया.

मराठी नाही. कारण राज्यं सहा निवडलेली होती, आंध्र, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओरिसा आणि राजस्थान. महाराष्ट्राचं नाव यादीत नव्हतं. मला त्या वयात याचं फार वाटलं नाही, पुढं नकाशा बघितल्यावर वाटलं. कर्नाटकातले जे जिल्हे निवडले त्यांत गुलबर्गा आणि रायचूर होते. हे दोन्ही जिल्हे 1956 पर्यंत आमच्याच हैदराबाद राज्यात होते. एकाच निजामाच्या रेट्याखाली ते आणि आम्ही राहिलो, एकाच दिवशी, 17 सप्टेंबर 1948 ला, सुटलो. राज्यांची भाषावार वाटणी झाली तेव्हा ते तिकडं गेले, आम्ही इकडं. तिकडच्या ज्वारीच्या गावात 1975 ला टीव्ही दिसला. तसल्याच काळ्या मातीच्या, तसल्याच ज्वारीच्या आमच्या गावात तो दिसायला पुढं दहा-बारा वर्षं गेली. वर उपग्रह तोच होता. त्याचा झोत राज्याची हद्द बघत नव्हता. आमच्या गावात जाळी उभी केली असती तर कन्नड का होईना, चित्र दिसलं असतं.

पण त्यांचं तरी काय झालं? 31 जुलै 1976 ला करार संपला आणि अमेरिकेनं आपला उपग्रह परत नेला. आदल्या संध्याकाळपर्यंत जिथं अख्खं गाव बसायचं तिथं दुसऱ्या दिवशी नुसती जाळी राहिली. काही भागांत नंतर जमिनीवरची प्रक्षेपण केंद्रं आली, गुलबर्ग्याला आलं, पण सगळीकडं नाही. मिळालंच नाही ते बरं, की वर्षभर मिळून गेलं ते बरं, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. विहिरीला पाणी न लागलेला माणूस दुसरी जागा शोधतो. लागून आटलेला तिथंच खोल खणत बसतो आणि कर्जात जातो. मला वाटतं आमचं बरं होतं. आमच्याकडं रेडिओ होता, परभणीचं केंद्र लागायचं, कृषी विद्यापीठाचा सल्ला मिळायचा. मुंबई दूरदर्शनवर ‘आमची माती, आमची माणसं’ लागतं असं ऐकून होतो. शेतकऱ्यांचा कार्यक्रम, मराठीत, आणि दिसतो मुंबईच्या लोकांना! याचं हसू यायचं.

मग आपला स्वतःचा उपग्रह आला. इन्सॅट-1ए एप्रिल 1982 मध्ये गेला आणि पाच महिन्यांत मेला. त्याच वर्षी दिल्लीत एशियाड होतं, रंगीत टीव्ही आला. पुढच्या वर्षी, ऑगस्ट 1983 मध्ये, अमेरिकेच्या चॅलेंजर यानातून इन्सॅट-1बी सोडला, तो मात्र टिकला. त्याच्या जिवावर 1984 मध्ये सरकारनं असा सपाटा लावला की काही महिने देशात रोज सरासरी एक नवीन ट्रान्समीटर सुरू होत होतं. छोटी, शंभर वॅटची. त्यांचं काम एवढंच की उपग्रहावरून आलेलं दिल्लीचं चित्र घ्यायचं आणि आजूबाजूला 15-20 किलोमीटर पसरवायचं. लोकांना वाटायचं आपल्या शहरात टीव्ही केंद्र झालं. केंद्र कसलं, ती नुसती चारी होती. पाणी सगळं वरूनच येत होतं.

आता चारी म्हटली की टोकाचा शेतकरी आलाच. जायकवाडीचा डावा कालवा 208 किलोमीटरचा आहे. पैठणला पाणी सुटलं म्हणून टोकाच्या परभणीकडच्या माणसानं बारं धरायला उठायचं नसतं, हे त्याला आजोबांपासून ठाऊक. ट्रान्समीटरचं तसंच. तेव्हाच्या औरंगाबाद शहरात चित्र आरशासारखं. शहर सोडून फुलंब्रीकडं आलं की मुंग्या. वीस-पंचवीस फुटांचा बांबू, त्याला अँटेना, खाली बूस्टर, आणि एक पोरगं माळवदावर उभं. खालून ओरडायचं, “आलं, आलं... गेलं. जरा म्हागं फिरव!” रामायण 25 जानेवारी 1987 ला सुरू झालं तेव्हा गावात तीन संच होते. रविवारी सकाळी लाईट गेली तर काय, म्हणून ज्याच्या घरी टीव्ही त्याच्या दारात शनिवारीच एकाचा ट्रॅक्टर उभा करून ठेवायचे. बॅटरीवर चालणारा छोटा काळा-पांढरा टीव्ही आणि ट्रॅक्टरची 12 व्होल्टची बॅटरी. रामाचा वनवास आम्ही निम्मा ट्रॅक्टरवर बघितला. पुढं म्हैसमाळच्या डोंगरावर दूरदर्शनचा मोठा टॉवर झाला आणि बांबू उतरले.

तरीही चित्र आलं ते दिल्लीचं, हिंदीतलं. मुंबईचे मराठी कार्यक्रम आमच्यापर्यंत यायला आणखी काही वर्षं गेली. एकाच गोष्टीच्या दोन पाळ्या झाल्या, आधी चित्राची, मग भाषेची.

केबलचा काळ मी पटकन सांगतो, कारण तो आमच्याकडं आलाच नाही. 1992 नंतर शहरात गल्लोगल्ली केबलवाले झाले. खेड्यात घरं लांब लांब, वस्त्या शेतात, तार ओढायला परवडत नाही. आमच्याकडं 16 डिसेंबर 2004 नंतर खरी गंमत सुरू झाली. त्या दिवशी दूरदर्शनची डीडी डायरेक्ट प्लस सेवा सुरू झाली, तिलाच आता फ्री डिश म्हणतात. सुरुवातीला 33 वाहिन्या, महिन्याचं भाडं नाही. एकदा छत्री आणि डबा घ्यायचा की झालं. खासगी कंपन्याही त्याच सुमाराला आल्या. आठवडी बाजारात भांड्यांच्या शेजारी छत्र्या विकायला मांडलेल्या मी बघितल्या आहेत.

यातून एक उलटं घडलं आणि ते कुठं लिहिलेलं मला दिसलं नाही. सरकारनं 2011 साली कायदा बदलला की केबलवर जुन्या पद्धतीचं प्रक्षेपण बंद, प्रत्येक घरी सेटॉप बॉक्स पाहिजे. हे चार टप्प्यांत करायचं ठरलं. दिल्ली-मुंबई पहिल्या टप्प्यात, 2012 ला. दुसऱ्या टप्प्यात 38 शहरं, त्यात औरंगाबादचं नाव होतं, तारीख 31 मार्च 2013. तिसऱ्यात बाकीची शहरं, 2015 च्या अखेरपर्यंत. खेडी चौथ्या टप्प्यात, सगळ्यांत शेवटी, आणि ती तारीख पुढं ढकलत ढकलत 31 मार्च 2017 पर्यंत नेली. कागदावर आम्ही शहराच्या चार वर्षं मागं. पण डबा आमच्याकडं शहराच्या आधी आला होता! छत्रीचं सगळं प्रक्षेपण पहिल्या दिवसापासून डिजिटल. शहरातली माणसं 2013 ला डब्यासाठी रांगा लावत होती तेव्हा आमच्या वस्तीवरचा डबा जुना होऊन त्याच्या रिमोटची बटणं झिजली होती. कुठल्याही खात्याच्या यादीत खेडं नेहमी चौथ्या टप्प्यात असतं, कारण यादी करणारा शहरात बसून करतो. खेड्यानं आपल्या सोयीनं आधीच काही करून ठेवलं असेल हे त्याच्या रकान्यात येत नाही.

आता डब्याच्या पोटातली पाळी. ही सगळ्यांत नवी, आणि तिच्याबद्दल लोकांचे गैरसमज फार.

डबा म्हणजे छोटा कॉम्प्युटर. त्यात जो कार्यक्रम भरलेला असतो त्याला सॉफ्टवेअर म्हणतात. वाहिन्यांची यादी कशी दाखवायची, आवाज-चित्र कसं उलगडायचं, पैसे भरलेत की नाही हे कसं ओळखायचं, सगळं त्यात. ते अधूनमधून बदलावं लागतं. मोबाईलचं सॉफ्टवेअर बदलायचं तर मोबाईल इंटरनेटवरून कंपनीला विचारतो, कंपनी उत्तर देते. छत्रीचं तसं नाही. छत्रीला फक्त ऐकता येतं, बोलता येत नाही. म्हणून कंपनी नवं सॉफ्टवेअर उपग्रहावर टाकते आणि ते तुकड्यातुकड्यांनी, रहाटगाडग्यासारखं, पुन्हा पुन्हा फिरवत ठेवते. आपला डबा ऐकत असतो. प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला सांगितलेलं असतं की हे अमक्या कारखान्याच्या, अमक्या बनावटीच्या डब्यासाठी आहे, अमक्या क्रमांकापासून तमक्या क्रमांकापर्यंत. क्रमांक जुळला तर डबा तुकडे गोळा करतो, एखादा पावसात चुकला तर पुढच्या फेरीत उचलतो. सगळे जमले की खरं-खोटं तपासतो, मग जुनं पुसून नवं लिहितो आणि बंद होऊन पुन्हा चालू होतो.

क्रमांक पाडून का देतात? लोक म्हणतात, मुंबई-पुण्याला आधी, आपल्याला मागून. या बाबतीत ते खरं नाही. डब्याच्या क्रमांकाला गाव नसतं. एका बनावटीच्या डब्यांत पुण्याचे असतात तसे फुलंब्रीचेही. कारण असं की, नव्या सॉफ्टवेअरमध्ये एखादी खोड निघाली आणि ते लाखो डब्यांत एका रात्रीत गेलेलं असलं, तर सकाळी लाखो टीव्ही काळे. मेकॅनिक तरी किती घरी जाणार. म्हणून आधी थोड्या डब्यांना द्यायचं, आठ-दहा दिवस बघायचं, मग पुढच्यांना. नवं बियाणं आलं की शहाणा शेतकरी पहिल्या वर्षी एक-दोन तास लावतो, सगळं रान त्याखाली घालत नाही. हीच ती रीत. ही पाळी मला मान्य आहे. साइटच्या यादीत आमचा जिल्हा नसण्याला असलं काही कारण मला सापडलं नाही.

पण मान्य असलेली पाळीसुद्धा खेड्यात वेगळी लागू होते. दोन-तीन वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. माझे थोरले बंधू, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, शेतवस्तीवर राहतात. वय 78, गुडघे गेलेले. दिवसभर त्यांना दोनच गोष्टींचा आधार, रेडा-म्हशींचा आवाज आणि टीव्हीवरचं कीर्तन. त्यांच्या डब्यावर पट्टी येऊ लागली की अमक्या तारखेपर्यंत सॉफ्टवेअर अपडेट न झाल्यास वाहिन्या दिसणार नाहीत. कंपनीचं नाव सांगण्यात अर्थ नाही, सगळ्यांची तीच तऱ्हा. शहरातल्या पुतण्याचा डबा त्याच बनावटीचा. त्याचा एका सकाळी आपोआप नवा झालेला होता. त्यानं काहीही केलं नव्हतं, झोपला होता फक्त. अण्णांचा होईना. आठवडा गेला, दुसरा गेला.

मी फोन लावला. पलीकडची मुलगी मराठीत गोड बोलली. “सर, अपडेट टप्प्याटप्प्यानं येतंय. रात्री बॉक्स स्टँडबायवर ठेवा. मेन स्विच बंद करू नका.”

इथं सगळं उलगडलं. अपडेट येतं रात्री दोन-तीनच्या सुमाराला, लोक टीव्ही बघत नसताना. त्या वेळी डब्यात वीज पाहिजे, नुसता रिमोटनं झोपवलेला पाहिजे. शहरात डबा कुणी भिंतीवरच्या बटणातून बंद करत नाही. खेड्यात प्रत्येक घरात झोपण्याआधी भिंतीवरचं बटण खाली. एक तर मीटर फिरतं, दुसरं म्हणजे वीज कमी-जास्त होते आणि जळतं. तिसरं, आभाळात कडकडलं की छत्रीची तार सुद्धा काढून ठेवायची. ही सवय नुकसान सोसून लागलेली आहे. कंपनीच्या माणसाला वाटतं डबा रात्रभर चालूच असणार, कारण त्याच्या घरी असतो.

आणि शेतवस्तीचं आणखी पुढचं. गावठाणाला वीज वेगळ्या लाइनवरून येते, शेतवस्तीला पंपाच्या लाइनवरून. पंपाची वीज चक्राकार. काही दिवस दिवसा आठ तास, काही दिवस रात्री. म्हणजे अण्णांच्या डब्याला अपडेट मिळायचं तर दोन पाळ्या एकाच रात्री जुळायला पाहिजेत, डब्याच्या क्रमांकाची आणि विजेची. त्याहून वाईट म्हणजे नवं लिहिलं जात असताना मध्येच वीज गेली तर? चांगल्या डब्यात जुनी प्रत बाजूला राखून ठेवलेली असते, तो सावरतो. स्वस्तातल्यात नसते. तो मग उठत नाही, मेकॅनिककडं न्यावा लागतो. आमच्या शेजारच्या वस्तीवर त्याच महिन्यात एक डबा असाच बसला. पडद्यावर ‘वीज बंद करू नका’ असं लिहून आलं होतं म्हणे. ती बाई मला म्हणली, “भाऊ, मी कुटं बंद केली? ती वरूनच गेली. त्यायलाच सांगा न बंद करू नका म्हणून.” तिला काय उत्तर द्यावं?

मुलीनं सांगितलेली तारीख जवळ आली तेव्हा अण्णा म्हणाले, “आता काय, कीर्तन बंदच व्हायचं म्हण.” ते ऐकून पुतण्याला सुचलं. डब्याच्या अडाप्टरवर बारीक अक्षरात 12 व्होल्ट लिहिलेलं असतं. डबा मुळात 12 व्होल्टवरच चालतो, अडाप्टर फक्त घरची वीज बारीक करून देतं. छत्रीच्या टोकाला जे यंत्र असतं त्यालाही वीज डब्यातूनच जाते. म्हणजे टीव्ही बंद असला तरी चालतं, डबा तेवढा जागा पाहिजे. पोरानं जुन्या अडाप्टरची वायर कापली, उणे-अधिक दोनदा तपासलं आणि ट्रॅक्टरची बॅटरी उतरवून डब्याला जोडली. मी म्हटलं, “अण्णा, रामायणाची बॅटरी आली बरं का.” ते हसले.

सलग तीन रात्री डबा बॅटरीवर जागा ठेवला. दिवसा बॅटरी ट्रॅक्टरवर चढवायची, नांगरटीला जायचं, संध्याकाळी पुन्हा उतरवायची. पहिल्या दोन रात्री काही झालं नाही. तिसऱ्या रात्री मी तिथंच झोपलो होतो. दोन वाजून गेल्यावर डब्याचा लाल दिवा हिरवा झाला, मग लुकलुकायला लागला. अण्णा जागेच होते, म्हाताऱ्या माणसाला झोप कुठली. म्हणाले, “पाणी आलं रं.”

वीस-पंचवीस मिनिटं लागली. सकाळी वीज आल्यावर टीव्ही लावला. कंपनीचं चिन्ह बदललं होतं, यादीचा रंग निळ्याचा जांभळा झाला होता आणि कीर्तनाची वाहिनी आपल्या जुन्या क्रमांकावरून उठून भलत्याच ठिकाणी गेली होती. अण्णांनी चष्मा लावून ती शोधली, कागदावर नवा क्रमांक लिहून कागद टीव्हीला चिकटवला. “येवढ्यासाठी?” एवढंच म्हणाले. आतून काय सुधारलं ते कंपनीला माहीत, बाहेरून दिसण्यासारखं हेच.

सगळंच अपडेटनं होत नाही, हेही सांगायला पाहिजे, कारण बाजारात त्यावर फसवाफसवी चालते. फ्री डिशवर काही वाहिन्या नव्या एमपेग-4 पद्धतीनं येतात. जुने डबे एमपेग-2 चे. चित्र दाबून बारीक करण्याच्या या दोन वेगवेगळ्या पद्धती आहेत आणि जुन्या डब्यातली चकती नवी पद्धत उलगडूच शकत नाही. त्यात कितीही सॉफ्टवेअर भरा, पेनड्राइव्ह लावा, दोनशे रुपये द्या, ती वाहिनी दिसणार नाही. डबाच बदलावा लागतो. बैलगाडीला डिझेल घालून उपयोग नाही.

फ्री डिशवाल्यांची वेगळीच वार्षिक पाळी असते. वाहिन्यांच्या जागांचा दरसाल लिलाव होतो आणि 1 एप्रिलच्या सुमाराला जुन्या काही जातात, नव्या येतात. त्यासाठी डब्यात पुन्हा स्कॅन मारावं लागतं. ज्याला माहीत नाही तो म्हणतो छत्री हलली, आणि चांगली बसवलेली छत्री ठोकून ठोकून खरंच हलवतो. मार्चच्या सुरुवातीला आणि ऑक्टोबरात काही दिवस सूर्य नेमका उपग्रहाच्या मागं येतो, तेव्हाही सकाळच्या वेळी थोडी मिनिटं चित्र जातं. तेव्हाही लोक छत्रीलाच ठोकतात.

आमच्या गावात आता 1 एप्रिलला दहावी-बारावीची पोरं घरोघरी फिरून म्हाताऱ्यांचे डबे स्कॅन करून देतात. परीक्षा संपलेली असते, घरटी चहा मिळतो. वस्त्यांवर जायचं तर आधी विचारून घेतात, तुमच्याकडं या हप्त्यात लाईट दिवसा आहे का रात्री. अण्णांच्या डब्याची कापलेली वायर अजून टीव्हीमागच्या खिळ्याला टांगलेली आहे. गेल्या पोळ्याच्या आदल्या दिवशी पडद्यावर पुन्हा पट्टी आली, तेव्हा त्यांनी मला फोन केला नाही. पुतण्याला केला, आणि विचारलं की ट्रॅक्टर आज मोकळा आहे का.